बिल्ड पाइपलाइनची विभागणी

सॉफ्टवेअर बांधणे, तपासणे आणि सर्व्हरवर चढवणे ही कामे आपोआप करणारी लांबलचक स्क्रिप्ट, म्हणजेच बिल्ड पाइपलाइन, लहान फाइलींत तोडायची आणि त्यांतल्या सामाईक फाइली अनेक प्रकल्पांनी वापरायच्या, अशी ही पद्धत आहे. बांधणीचे नियम फाइलीत लिहून ठेवण्याची चाल जुनी आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली केलेले ‘मेक’ हे साधन आजही वापरात आहे.

स्क्रिप्ट फुगते ती नकलेमुळे. पहिल्या प्रकल्पाची फाइल दुसऱ्यात उतरवली जाते, दुसऱ्याची तिसऱ्यात. मग एक चूक दुरुस्त करायला तिन्ही ठिकाणी जावे लागते आणि एखादे हमखास राहून जाते.

खरा प्रश्न असतो, कुठे तोडायचे? गोव्याचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली, इंग्रजी आहेच. पणजी-पर्वरीतल्या एखाद्या चमूने या तिन्ही भाषांत संकेतस्थळ करायला घेतले, तर भाषेगणिक एक फाइल करावी असे आधी सुचते. पण देवनागरी फॉण्ट जोडणे, जोडाक्षरे नीट उमटतात का ते पाहणे, या पायऱ्या कोकणी-मराठीत सारख्याच. शुद्धलेखनाची तपासणी मात्र दोघींची वेगळी. पुढे रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीची आवृत्ती आली की भाषा कोकणीच राहते, पण फॉण्टची पायरी इंग्रजीकडून घ्यावी लागते. म्हणजे एक फाइल लिपीची, दुसरी भाषेची. जे एकाच कारणाने बदलते ते एका फाइलीत असावे. ओळी मोजून केलेले तुकडे प्रस्तुत लेखकाच्या मते नकलेपेक्षाही त्रासदायक ठरतात, कारण एका बदलासाठी चार फाइली उघडाव्या लागतात.

जेनकिन्स या पाइपलाइन चालवणाऱ्या साधनात यासाठी ‘शेअर्ड लायब्ररी’ (सामाईक फाइलींचा संग्रह) असते. तिथे कधी कधी विभागणी सक्तीचीच होते : जेनकिन्स जावाच्या आभासी यंत्रावर चालते, आणि तिथे एका मेथडचा (कोडच्या एका तुकड्याचा) बाइटकोड, म्हणजे यंत्रासाठी केलेले रूपांतर, ६४ किलोबाइटच्या आत राहावा लागतो, त्यामुळे अवाढव्य जेनकिन्सफाइल (तिथली पाइपलाइनची स्क्रिप्ट) चालायलाच नकार देते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुन्हा वापरता येणारे वर्कफ्लो (तिथल्या पाइपलाइनच्या फाइली) २०२१ पासून सर्वांना खुले झाले. तशाच गिटलॅबमध्ये ‘इन्क्लूड’ने दुसरी फाइल ओढता येते. मात्र दोन फाइलींत एकाच नावाचे काम असेल, तर त्यातल्या आज्ञांची यादी जोडली जात नाही. नंतरची यादी आधीचीला पुसून टाकते. नवख्यांचे तासन्‌तास यात जातात. या फाइली ज्या याम्ल स्वरूपात लिहितात त्यातले ‘अँकर’ही (एकदा लिहिलेला भाग पुन्हा वापरण्याच्या खुणा) फाइलीची वेस ओलांडत नाहीत.

सामाईक फाइल बदलली की तिच्यावर विसंबलेले सगळे प्रकल्प एकदम हलतात. म्हणून प्रत्येकाने तिची ठरावीक आवृत्ती बांधून घ्यावी. आवृत्तीचा टॅग (तिला चिकटवलेले नाव) सोयीचा असला तरी तो मागाहून सरकवता येतो. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’च्या एका लोकप्रिय, पाइपलाइनमध्ये आयती वापरायच्या अ‍ॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी घातक कोडकडे वळवले, २३,००० हून अधिक रेपॉझिटरी (प्रकल्पांचे कोडसाठे) ती वापरत होत्या आणि काहींची गुपिते (पासवर्डसारखी माहिती) बिल्डच्या नोंदींत उघडी पडली. टॅगऐवजी कमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) पूर्ण हॅश, म्हणजे सरकवता न येणारा ओळखक्रमांक, लिहिलेल्या प्रकल्पांवर टॅग सरकल्याचा परिणाम होत नाही.

विभागलेली पाइपलाइन वाचायला अवघड जाते, कारण पूर्ण चित्र कुठल्याच एका फाइलीत नसते. गिटलॅबच्या पाइपलाइन संपादकात सगळ्या फाइली एकत्र होऊन तयार झालेले अंतिम रूप पाहता येते. बदल पाठवण्याआधी ते उघडून पाहावे.