वाचनखूण: पोथीला नको होती, पुस्तकाला लागली

औदुंबरला गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणाऱ्याला आज कुठे थांबायचं हा प्रश्न पडत नाही. पहिल्या दिवशी नववा अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसावा, तिसऱ्या दिवशी एकोणतिसावा. मुक्काम आधीच ठरलेले. शिवाय पोथीची पानं सुटी. वाचून झालेलं पान उलटून पलीकडे ठेवायचं, समासात पत्रांक असतोच. वाचन झालं की पानं जुळवायची, वर-खाली फळ्या ठेवून रुमालात बांधायची. यात खूण घालायची कशाला?

खूण लागली ती शिवलेल्या पुस्तकाला, कारण ते मिटलं की जागा हरवते. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या ख्रिस्ती मठात सहाव्या शतकातली चामड्याची वाचनखूण सापडली आहे. मध्ययुगीन युरोपात तर दोरीवर सरकणारी, फिरती चकती असलेली खूण होती. दोरी पान दाखवी, चकती ओळ आणि रकाना. एवढी नेमकी खूण आज कोण वापरतो? १५८४ मध्ये मुद्रक ख्रिस्तोफर बार्करने राणी पहिल्या एलिझाबेथला झालरीची रेशमी खूण नजर केली. पण खूण सामान्य वाचकाच्या हाती आली ती बेकारीमुळे. १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करारानंतर फ्रेंच रेशीम जकातीविना येऊ लागलं आणि कॉव्हेंट्रीच्या रिबीन विणणाऱ्यांचे माग थंडावले. तिथल्या थॉमस स्टीव्हन्सने १८६२ च्या सुमारास त्याच मागांवर चित्रं-अक्षरं विणलेल्या रेशमी वाचनखुणा काढल्या आणि त्या खपल्याही भरपूर. कागदी खुणा त्यानंतरच्या.

आपल्याकडे छपाई आली तरी शिलाई लगेच आली नाही. नाना फडणवीसांच्या मनात छापायची असलेली गीता अखेर १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. पुढे शिळाप्रेसवरही (दगडावरून होणारी छपाई) सुट्या पानांच्या पोथ्या निघतच राहिल्या. बांधीव पुस्तक घरोघर गेलं ते शाळा आणि नगरवाचनालयांमुळे, आणि खुणेचं काम हाताला येईल त्याने केलं: मोरपीस, पिंपळाचं जाळीदार पान, विद्येचं पान, एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. (मोरपिसाला पिल्लं होतात म्हणून खडूचा चुरा घालणारे वेगळेच.)

पुस्तक वाचनालयाचं असेल तर मात्र खूण हा शौक राहत नाही. लाकडाच्या लगद्याच्या जुन्या कागदात आम्ल असतं. कोपरा दुमडला की काही वर्षांत तो घडीवरच तुटून हातात येतो. ताजं पान-फूल डाग पाडतं, यू-पिन गंजते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात तर पावसाळ्यात कपाटातही दमट असतं, आणि ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालेलं भिलार नेमकं तिथंच आहे. घराघरांत मांडलेली पुस्तकं, रोज नवे वाचक. अशा ठिकाणी साधी, कोरडी, पातळ कागदाची पट्टीच बरी. जाड पुठ्ठा घातला तर शिलाई फाकते.

कादंबरीला एक पट्टी पुरते. वाईला तयार झालेला, १९७६ पासून खंडाखंडाने निघालेला मराठी विश्वकोश उघडला की ‘पहा’ म्हणत एक नोंद दुसऱ्या खंडात धाडते, तिथली तिसऱ्यात. तिथे चार-पाच चिठ्ठ्या लागतात, आणि बाहेर डोकावणाऱ्या टोकावर पेन्सिलीने नोंदीचं नाव लिहिलेलं असेल तरच परत फिरता येतं.