शालेय पोषण आहार आणि त्यातला सहभाग (सोलापूर)

शालेय पोषण आहारातला सहभाग म्हणजे शाळेच्या पटावर जितकी पोरं आहेत त्यातली किती पोरं दुपारी खरोखर ताट घेऊन बसतात याचा हिशोब. सोलापुरात या योजनेला पोषण आहार कुणी म्हणत नाही, खिचडीच म्हणतात. २०२१ मध्ये केंद्राने तिचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना केलं, तरी पोरं घरी जाऊन खिचडीचंच सांगतात. पहिली ते आठवीचं, सरकारी, झेडपीच्या, महापालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळेतलं कुठलंही मूल यात बसतं आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, जातीचा दाखला यातलं काहीही लागत नाही. तरीपण पट, हजेरी आणि ताटं हे तीन आकडे क्वचितच जुळतात, आणि सहभाग वाढवायचा म्हणजे या तिन्हींच्या मधे पोर कुठं गळतंय ते शोधायचं.

दाखला लागत नाही ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. अमेरिकेत शाळेच्या जेवणाचा कायदा १९४६ चा, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी जुना, पण तिथं बऱ्याच शाळांमध्ये आईबापांना उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो, दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, त्याच्या वर पैसे मोजा. फॉर्म राहिला की फुकटचं जेवण राहिलं, आणि फुकटवालं पोर म्हणून वेगळं दिसायची लाज असतेच. म्हणून तिथं गरीब वस्तीतल्या शाळांना फॉर्म न घेता सरसकट सगळ्यांना जेवू घालायची सोय २०१० च्या कायद्याने केली आणि २०२३ मध्ये त्याची अट, म्हणजे इतर सरकारी मदतीमुळं आपोआप पात्र ठरलेली पोरं शाळेत किती हवीत ती, ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली. आपल्याकडे एका शाळेत एक पोर जेवणार आणि दुसरं बघत बसणार असं कायद्याने होत नाही, आपली गळती दुसरीकडे आहे.

मागचं थोडं

शाळेत जेवण ही आपल्या देशात मद्रासची देणगी. तिथल्या महापालिकेने १९२० च्या दशकात सुरुवात केली, मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये ती राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये पुढचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी मोठी केली. आपल्या भागात जुन्या माणसांना आठवते ती ७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली, महाराष्ट्रात त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, पण तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं, ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ पिशवीत घालून घरी. तांदूळ घरात गेला की तो सगळ्या घराचा होतो, पोराच्या वाट्याला किती येतो ते आईलाच माहीत. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की शिजवलेलं गरम जेवण द्या, वर्षात निदान २०० दिवस द्या, आणि तिथून खिचडी सुरू झाली. सहावी ते आठवीची पोरं २००८-०९ मध्ये आत आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क झाला आणि २०१५ च्या नियमांनी असंही घातलं की शाळेने जेवण दिलं नाही तर पोराला धान्य आणि पैशाच्या रूपात भत्ता द्यायचा. हा भत्त्याचा नियम पालकांना जवळपास माहीतच नसतो.

ताटात काय आणि कितीचं

पाचवीपर्यंतच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं असा हिशोब आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो, बाकी डाळ, तेल, भाजी, मसाला, सरपण नाहीतर गॅस यासाठी मे २०२५ पासून लहान गटाला पोरामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या गटाला १० रुपये १७ पैसे असा दर आहे. साठ लहान पोरांच्या शाळेला दिवसाचे झाले ४०६ रुपये ८० पैसे, त्यात ३ किलो भाजी आणायची आहे, आणि पावसाळ्यात मार्केट यार्डात टोमॅटो कडाडला की त्या खिचडीत भाजी किती दिसत असेल ते वेगळं सांगायला नको.

चव हा सहभागातला मोठा मुद्दा आहे आणि सरकारी कागदात तो सगळ्यात कमी येतो. (वाढायच्या आधी चाखायचं आणि चव रजिस्टरला सही करायची असा नियम आहे खरा.) सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचा जिल्हा, मंगळवेढ्याच्या मालदांडीचं नाव सगळीकडे आहे, घरात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शाळेत मात्र रोज भात. शहरात पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातल्या पोराला भाताचं वावडं नसतं, पण सांगोला मंगळवेढ्याकडचं भाकरीवर वाढलेलं पोर तीच पिवळी खिचडी आठवड्यात चार वेळा बघितली की ताट पुढं ढकलतं. जून २०२४ मध्ये राज्याने पंधरा पदार्थांची यादी काढली, मसालेभात, मटकीची उसळ, शेवगा घालून मुगाचं वरण, नाचणीसत्त्व, तांदळाची खीर वगैरे, म्हणजे दुखणं कळलं होतं. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्याचा वेगळा पैसा बंद केला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा असं सांगितलं. लोकसहभाग करणार कोण, ज्या गावात वर्गणीने अंडी येऊ शकतात तिथं पोरांना अंड्याची तितकी गरजच नसते.

पोरं गळतात कुठं

पहिली गळती घरच्या कामाची. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात, सकाळी वळलेला माल कारखान्यात देऊन पान-तंबाखू घेऊन यायचं, मग दिवसभर सूप मांडीवर. अशा घरात सकाळी चूल पेटली नसेल तर दुपारची खिचडी हेच पोराचं पहिलं जेवण असतं, आणि त्याच घरातली मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला नाहीतर विडीला दोरा बांधायला घरी राहिली की तिची हजेरीही जाते आणि ताटही जातं. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या नव्या वसाहतीत राहायला गेलेल्यांना हक्काचं घर मिळालं हे खरंच मोठं आहे, पण घर बदललं की पोराची शाळा बदलते आणि नवीन शाळेच्या पटावर नाव लागेपर्यंत ते पोर कुठल्याच आकड्यात नसतं.

दुसरी गळती उसाची. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात, त्यामुळं दिवाळीनंतर बीडकडून आणि इकडच्याही कोरडवाहू गावातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, येतात जातात, सोबत पोरं. गावच्या पटावर नाव असतं, पोर फडात असतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नसला तरी जवळच्या शाळेने त्याला बसवायचं असतं, आणि बसवलं की खिचडीही द्यायची, शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच काढलं. आजी-आजोबांजवळ पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहंही आहेत, तिथं दोन वेळचं जेवण मिळतं आणि पोर मार्चपर्यंत वर्गात राहतं. एवढ्या सगळ्यातला हा उपाय मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन पोरं शोधण्यापेक्षा त्यांना गावात धरून ठेवणं सोपं आहे.

तिसरी गळती कुणाच्या लक्षातच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के कोट्यातून विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला गेलेलं गरीब पोर खिचडीच्या बाहेर पडतं, कारण योजना फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांना आहे. फी माफ झाली, जेवण गेलं. तसंच नववीचं. आठवीपर्यंत जेवणारी मुलगी जूनमध्ये नववीत गेली की त्याच आवारात, त्याच मधल्या सुट्टीत तिचा डबा तिने आणायचा.

शिजवणाऱ्या

पंचवीस पोरांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक अशा स्वयंपाकी-मदतनीस असतात, बहुतेक गावातल्याच बायका. केंद्राच्या हिशोबात त्यांचं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये, राज्याने भर घालून ते २५०० केलं, आणि तेही वर्षातले दहाच महिने. तांदूळ निवडायचा, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. बाई आजारी पडली की त्या दिवशी खिचडी लवकर होत नाही आणि मार्चपासून सकाळची शाळा असली की उशिरा झालेली खिचडी म्हणजे रिकामी ताटं, कारण साडेअकराच्या उन्हात पोरं घराकडं पळालेली असतात. शहरात एका मोठ्या किचनमध्ये शिजवून टेम्पोने शाळेशाळेत डबे पोचवायची पद्धत आहे, त्यात धूर वाचतो, पण भात येईपर्यंत गार होतो. स्वयंपाकी नेमताना दलित बायकांना प्राधान्य द्या असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं होतं, आणि त्याच आदेशात हेही होतं की दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवा.

२०२३ मध्ये राज्याने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सोलापूरचे पाच होते, बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा. सुट्टीत वर्ग बंद, मास्तर गावाला गेलेले, पारा ४२ च्या वर, तेव्हा त्या ताटाला पोर येतं ते शाळेच्या भिंतीला लागून घर असलेलंच. वाडी-वस्तीवरचं पोर दोन किलोमीटर चालून एका वाटीभर भातासाठी येत नाही, त्याच्यापर्यंत जेवण न्यायचं असेल तर चूल वस्तीवरच मांडावी लागते, अंगणवाडीत नाहीतर देवळात.