वृद्धांचे आर्थिक शोषण

वय, आजारपण किंवा एकाकीपणा यांमुळे जिला रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या आधाराशिवाय करणे कठीण झाले आहे, अशा वृद्ध व्यक्तीच्या विश्वासाचा उपयोग करून तिची जमीन, घर किंवा पैसा स्वतःच्या लाभासाठी मिळवणे म्हणजे वृद्धांचे आर्थिक शोषण होय. चोरीपेक्षा हा प्रकार ओळखायला अवघड असतो, कारण यात बहुतेक वेळा कागद खरा असतो, सही खरी असते, साक्षीदार हजर असतात, आणि सही करणारी व्यक्तीच पुढे कित्येक महिने 'मी माझ्या मर्जीने दिले' असे सांगत राहते. म्हणून शोध सहीपाशी सुरू करून भागत नाही. सही होण्यापूर्वीच्या काळात त्या व्यक्तीच्या भोवती कोण उरले होते आणि कोण दूर सारले गेले होते, हे आधी पाहावे लागते.

शोषणाची सुरुवात बहुधा सेवेने होते. पत्नीच्या निधनानंतर एकट्या राहिलेल्या, गुडघ्यांमुळे जिना उतरू न शकणाऱ्या निवृत्त गृहस्थाला कोणी औषधे आणून देते, वीजबिल भरते, दवाखान्यात नेते. यात गैर काहीच नाही आणि कित्येक घरांत ही गोष्ट इथेच, मायेने पुरी होते. शोषण असेल तेथे पुढची पायरी निराळी असते. फोन दुसरेच कोणी उचलू लागते आणि 'बाबा आत्ताच झोपलेत' हे उत्तर दर वेळी मिळते. दर भाऊबीजेला येणाऱ्या बहिणीला यंदा येऊ नका असे कळवले जाते. पासबुक कपाटातून हलते आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलतो. हा शेवटचा बदल किरकोळ वाटतो, परंतु ओटीपी ज्याच्या फोनवर येतो त्याच्याच हाती खाते असते. याच सुमारास बोलण्यातही भीती शिरते: 'मी गेलो तर तुमचे कोण करणार', 'ती लेक फक्त हिश्श्यासाठी येते', 'तुम्हाला वृद्धाश्रमात टाकायला निघालेत'. ज्याच्याकडून जेवणाचे ताट मिळते त्याच्याशिवाय दुसरा आवाजच कानावर पडत नसेल, तर अशा वाक्यांची शहानिशा करण्याचा मार्ग त्या व्यक्तीपाशी उरत नाही. बळजबरीची गरज मग पडतच नाही.

कागदपत्रांमधील फरक येथे निर्णायक ठरतो आणि नेमका तोच वृद्धांना समजावून सांगितला जात नाही. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता किंवा रद्द करता येते. बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मोबदल्याशिवाय मालमत्ता देऊन टाकणारा दस्त, मात्र नोंदणी होऊन स्वीकारले गेले की मालकी तत्काळ जाते आणि केवळ मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलामुलींच्या वा नातवंडांच्या नावे बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते. ही सवलत कुटुंबांच्या सोयीची आहे, पण तिच्यामुळे 'आत्ताच करून टाका, नंतर खर्च येईल' असा लकडा लावणेही सोपे होते. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूने संपते, आणि त्याची आकलनशक्ती गेली तरीही संपते. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या जुन्या मुखत्यारपत्रावर पुढेही व्यवहार करत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना, अगदी प्रामाणिक कुटुंबांनाही, ही गोष्ट ठाऊक नसते. खात्यावरील नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणजे वारस, हा गैरसमज तर सर्वत्र आढळतो. ती व्यक्ती रक्कम केवळ वारसांच्या वतीने स्वीकारते.

कायद्याने या दबावाला पूर्वीच नाव दिले आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 16 मध्ये 'अनुचित प्रभाव' ही संकल्पना असून, दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येईल अशा स्थितीत असलेल्या व्यक्तीने त्या स्थितीचा वापर करून गैरवाजवी फायदा मिळवणे, असा तिचा अर्थ आहे. वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याच्या मनाची क्षमता तात्पुरती जरी कमी झाली असेल, त्याच्याशी केलेला व्यवहार या कलमात स्पष्टपणे येतो. व्यवहार सकृद्दर्शनीच अन्यायकारक वाटत असेल, तर आपण प्रभाव वापरला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वरचढ पक्षावर येते. प्रस्तुत विषयात याहून मोलाची तरतूद क्वचितच असेल, कारण दुबळ्या माणसापाशी पुरावा नसतोच. असा दस्त रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दाव्याची मुदत, त्यास कारण ठरणारी वस्तुस्थिती कळल्यापासून, 3 वर्षांची आहे.

दिवाणी न्यायालयाचा रस्ता लांब असल्याने 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम करण्यात आला. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला त्याखाली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे महाराष्ट्रात उपविभागीय अधिकाऱ्याकडे (ज्यांना खेड्यापाड्यांत प्रांतसाहेब म्हणतात), साधा अर्ज करता येतो. स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा अनुचित प्रभावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. ही अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मधील निकालात म्हटले. त्यानंतर 2 जानेवारी 2025 च्या निकालात, मुलाने आईला सांभाळण्याचे वचन लिहून दिलेल्या प्रकरणात, या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकते, असे स्पष्ट केले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर व्यवहारातील बोध सरळ आहे: सांभाळाची अट बक्षीसपत्रातच शब्दांत लिहिलेली असावी. प्रेमाच्या माणसांत असे लिहिणे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि तेवढ्या संकोचावर पुढे घर जाते.

या कायद्याचाही दुरुपयोग होतो. सुनेला घराबाहेर काढण्यासाठी तो वापरला गेल्याची उदाहरणे न्यायालयांपुढे आली, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला मिळालेला सामायिक घरातील निवासाचा हक्क त्यामुळे आपोआप नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2020 मध्ये सांगावे लागले. तसेच प्रत्येक असमान वाटणी म्हणजे शोषण नव्हे. दहा वर्षे अंथरुणावरच्या सासूचे सर्व काही केलेल्या सुनेला घर मिळाले, तर दूर राहणाऱ्या मुलांना ते खटकू शकते, परंतु देणारीला सर्वांशी मोकळेपणी बोलता येत होते, कागद समजला होता आणि नाही म्हणण्याची मुभा होती, तर तिच्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे.

परक्यांकडून होणाऱ्या फसवणुकीतही हाच साचा दिसतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. तरीही पोलीस असल्याचे भासवणारा माणूस व्हिडिओ कॉलवर वृद्धाला तासन्‌तास खिळवून ठेवतो आणि कोणाशीही बोलू नका असे बजावतो. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याच क्षणी कळवावे लागते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

घरातल्या प्रकरणात घाई वेगळ्या प्रकारची हवी. संशयित व्यक्तीला वृद्धासमोर जाब विचारला, तर रात्र त्या वृद्धाला त्याच घरात काढायची असते, हे विसरता कामा नये. आधी एकांतात भेट घडवावी. दवाखान्यातील तपासणी किंवा नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्यासाठीची बँकेची फेरी यासाठी उपयोगी पडते. त्या भेटीत 'सही का केलीत' हा प्रश्न विचारू नये, त्याने माणूस मिटतो. औषधे वेळेवर मिळतात का, पेन्शन कोण काढते, मनात आले तर कोणाला फोन करता येतो, असे विचारले की उत्तरे येऊ लागतात. दरम्यान दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल घ्यावी, सातबारावर फेरफार (मालकीबदलाची नोंद) धरला गेला असल्यास मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, बँकेला पत्र देऊन मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मारहाण किंवा उपासमार होत असेल तर 112 वर पोलिसांना बोलवावे, आणि वृद्ध स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो.

सगळे कळूनही वृद्ध व्यक्ती तक्रारीस नकार देते, असे पुष्कळदा घडते. पोटच्या मुलाची अब्रू वेशीवर टांगणे तिला स्वतःच्या उपासापेक्षा जड वाटते. शुद्धीत असलेल्या माणसाला तक्रारीची सक्ती करता येत नाही, पण भेटी थांबवण्याचेही कारण नसते. ठरलेल्या वारी येणारी बहीण, शेजारी किंवा ज्येष्ठ नागरिक संघातील सोबती ज्या घरी न चुकता येतो, तेथे फोनवर 'झोपलेत' असे सांगून भागत नाही.