पहिला पाऊस आणि पाठीवरचं घामोळं

"पहिल्या पावसात भिज, घामोळं जाईल." मे संपत आला की कोकणात, मुंबईत घरोघरी हे ऐकू येतं. आणि जूनमध्ये पाठ खरोखरच निवळते. पण तो गुण पावसाच्या पाण्याचा नाही. पारा उतरतो, घाम कमी होतो आणि त्वचेला उसंत मिळते. घामोळ्यावरचा खरा उपाय एवढाच आहे, आणि त्यासाठी पावसाची वाट बघायची गरज नाही.

अंगातली उष्णता बाहेर पडते म्हणून घामोळं येतं, असं आपण म्हणतो. आंब्यालाही उगाच दोष देतो. प्रत्यक्षात बाहेर पडू न शकलेला घाम घामोळं आणतो. आपल्या त्वचेत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात आणि प्रत्येकीची एक बारीक नळी वर उघडते. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो झटकन वाळतो. किनारपट्टीच्या दमट हवेत तसाच अंगावर राहतो. कपडे धुतल्यावर बोटांची कातडी कशी फुगते, तशीच तासन्‌तास ओली राहिलेली त्वचा फुगते आणि नळ्यांची तोंडं बुजतात. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू त्यात चिकट थराची भर घालतात. आतून घाम येतच राहतो, वाट मिळत नाही, मग तो नळीतून आजूबाजूला झिरपतो.

अडथळा अगदी वर असेल तर दवबिंदूसारखे पारदर्शक फोड दिसतात. ते खाजत नाहीत. थोडा खाली असेल तर लाल पुरळ येतं, काटे टोचल्यासारखी चुणचुण होते. हेच आपलं नेहमीचं घामोळं. 'मिलिॲरिया' हे त्याचं वैद्यकीय नाव राळ्यासारख्या बारीक धान्याच्या लॅटिन नावावरून आलं आहे. पाठीवरून हात फिरवला की ते का, हे लगेच कळतं.

सगळ्यात जीव तुटतो तो तान्ह्या बाळांसाठी. त्यांच्या घामाच्या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात, आणि आपण भर उन्हाळ्यात टोपडं, झबलं, वरून दुपटं आणि खाली मेणकापड अशी तयारी करतो. त्वचेवर प्लास्टिक घट्ट गुंडाळून मुद्दाम घामोळं आणण्याचे प्रयोग त्वचारोगतज्ज्ञांनी केले आहेत. मेणकापडावर निजलेल्या बाळाच्या पाठीचं जवळपास तेच होतं. हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजतेय असं समजू नका. मानेमागे हात लावून बघा. तिथे गरम, चिकट लागलं, तर एक कपडा कमी करा. अंथरुणाला खिळलेल्या आजीआजोबांची पाठही अशीच रोज बघायला हवी. त्यांना कुशीवर वळवत राहायला हवं.

पावडरीचा डबा तर प्रत्येक घरात असतो. पण घामाने ओल्या मानेच्या वळीत पावडर पडली की तिचा लगदा होतो. बाळाच्या बाबतीत धोका त्याहून मोठा आहे: उडालेली भुकटी श्वासातून छातीत जाऊ शकते. दाट तेल आणि मलमंही नळ्यांची तोंडं बुजवतात, त्यामुळे घामोळं असताना तेलाची मालीश थांबवलेली बरी. त्यापेक्षा गार पाण्याने आंघोळ करा, मऊ पंचाने टिपून घ्या, घासू नका. मग काही वेळ पंख्याखाली उघड्या अंगाने बसा आणि नंतर सैल सुती कपडे घाला. खाज फार असेल तर कॅलामाइन लावा. खोलीत कूलर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होऊन घाम वाळायचाच थांबतो. अंग थंड राहिलं की बहुतेक घामोळं काही दिवसांत जातं.

उन्हात राबणाऱ्यांनी मात्र याकडे किरकोळ म्हणून बघू नये. अंगभर घामोळं असेल तर तेवढ्या त्वचेतून घाम नीट येत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. पुरळ मावळल्यावरही घामाच्या नळ्या पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. तोवर भर दुपारची कामं टाळावीत. फोडांत पू झाला, ताप आला, आजूबाजूची कातडी सुजून दुखू लागली, तर डॉक्टरांकडे जा. आणि पुरळ गोल कडा धरून पसरत असेल, तर तो बहुधा नायटा असतो. त्यावर दुकानातून विचारून आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरत जातो.