कॅम्पसवर सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम घ्यायचाय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, हॉल बुक झाला म्हणजे कार्यक्रमाला परवानगी मिळाली असं नसतं. बुकिंग म्हणजे त्या तारखेला ती जागा तुमच्या नावावर, बास. आत काय होणार, बाहेरचे किती लोक येणार, स्पीकर कुठे लागणार याची परवानगी वेगळी असते आणि ती बहुतेक वेळा वेगळ्याच टेबलवरून येते. बरेच जण बुकिंगचा मेल आला की पोस्टर छापतात आणि मग शेवटच्या आठवड्यात सहीसाठी पळापळ सुरू होते.

दुसरं, तुमचा कार्यक्रम खुला आहे की अंतर्गत, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. तिकीट नाही म्हणजे अंतर्गत, असा एक गैरसमज असतो. आयडी कार्ड नसलेला माणूस गेटवरून आत येऊ शकतो का, प्रश्न फक्त एवढाच आहे. येऊ शकत असेल तर कार्यक्रम खुला, मग भले ते तीस लोकांचं कवितावाचन का असेना. आणि पोस्टर सोशल मीडियावर टाकून 'सर्वांचं स्वागत' लिहिलं असेल तर 'अहो आमचाच ग्रुप आहे' हे सुरक्षा विभागाला पटत नाही.

अर्ज कोण करू शकतं? एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर सहसा मिळत नाही. नोंदणी झालेला क्लब, विद्यार्थी संघटना किंवा एखादा विभाग लागतो, आणि जबाबदार म्हणून एका प्राध्यापकांची सही. ही सही नावापुरती समजू नका, कार्यक्रमाच्या दिवशी काही झालं तर पहिला फोन त्यांनाच जातो, म्हणून त्यांना सगळा प्लॅन दाखवूनच सही घ्या. बाहेरच्या संस्थेला घ्यायचा असेल तर एकतर भाडं भरून किंवा एखाद्या विभागाला सोबत घेऊन. राजकीय प्रचार, धार्मिक कार्यक्रम आणि वस्तूंची विक्री यांचे नियम प्रत्येक विद्यापीठात वेगळे असतात, ते आधी वाचा, नाहीतर बाकीची सगळी मेहनत वाया.

वेळेचं म्हणाल तर छोट्या व्याख्यानाला दोन-तीन आठवडे आधी, मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाला निदान दीड महिना आधी अर्ज द्या. त्याआधी शैक्षणिक वेळापत्रक उघडून परीक्षेच्या तारखा बघा, कारण परीक्षेच्या काळात लाउडस्पीकरला कोणीच हो म्हणत नाही आणि त्यात त्यांचं चूकही नाही.

आता कागदपत्रं. विनंतीपत्र, जबाबदार व्यक्तींच्या ओळखपत्रांच्या प्रती, वक्त्यांची किंवा कलाकारांची यादी, खर्चाचा अंदाज आणि स्पॉन्सर असेल तर त्यांचं पत्र, नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र, मंडप-साउंडवाल्यांची माणसं आणि गाड्यांचे नंबर. हे सगळं जमतं. अर्ज अडकतो तो वेळापत्रक आणि नकाशावर. 'सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहून काही उपयोग नाही. सामान दुपारी १ वाजता आत येणार, साउंड चेक ३ ते ३:३०, प्रेक्षकांना ४:३० पासून प्रवेश, कार्यक्रम ५ ते ७:३०, जागा ९ पर्यंत रिकामी, असं लिहा. हे वाचून सुरक्षा, वीज आणि सफाई तिघांना आपापली माणसं कधी लावायची ते कळतं.

नकाशा हाताने काढला तरी चालतो, पण त्यात स्टेज, खुर्च्यांच्या रांगा, मधली वाट, बाहेर पडायचे दरवाजे, जनरेटर आणि ॲम्ब्युलन्स आत यायचा रस्ता दिसला पाहिजे. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये ५ पेक्षा जास्त माणसं झाली की ढकलाढकलीचा धोका पटकन वाढतो, त्यामुळे मैदान मोठं आहे म्हणून हवी तेवढी संख्या टाकू नका, स्टेजसमोरची जागा मोजा. व्हीलचेअरसाठी रॅम्प असेल तर त्याचा उतार साधारण १:१२ धरतात, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी, आणि एवढी लांबी बसते का ते नकाशावरच कळतं. आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं मानक १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवा असं सांगतं, पण स्थानिक मर्यादा त्याहून कडक असेल तर तीच लागू.

एक भाग जवळपास सगळेच विसरतात तो म्हणजे हक्क. आपण पैसे भरून घेतलेलं ओटीटी अकाउंट घरी बघायला असतं, त्यावरून हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा हक्क मिळत नाही, तो वितरकाकडून लेखी घ्यावा लागतो. नेटफ्लिक्स काही निवडक माहितीपटांना विनाशुल्क शैक्षणिक स्क्रीनिंगची सूट देतं, पण फक्त निवडक. नाटकाचंही तसंच, बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतात आणि बऱ्याच देशांत ६० किंवा ७०, त्यामुळे 'जुनं नाटक आहे' हे कारण पुरत नाही. ड्रोन उडवणार असाल तर त्याची परवानगी आणखी वेगळी.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. मंजुरीचं पत्र आलं की खालच्या अटी नीट वाचा, त्यातच कधीकधी 'बाहेरच्यांना नोंदणीशिवाय प्रवेश नाही' अशी ओळ असते आणि मग पोस्टर बदलावं लागतं. वक्ता, तारीख किंवा जागा यातलं काहीही बदललं तर जुनी परवानगी चालेल असं गृहीत धरू नका, लगेच लेखी कळवा. आणि डिपॉझिट परत हवं असेल तर सामान आत आणायच्या आधी हॉलचे फोटो काढून ठेवा, भिंतीवरचे जुने टेपचे डाग नंतर तुमच्या नावावर लागायला नकोत.