धावणाऱ्यांमार्फत देणग्या: सगळ्यांना एकच किमान रक्कम का?

चांगल्या कामासाठी ओळखीच्यांकडे पैसे मागायचे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. माणशी एक पैसा गोळा करून तळेगावात काचकारखाना उभा राहिला, त्याला शतक उलटून गेले. तिथे मागणारा कार्यकर्ता ध्येयाने बांधलेला होता. मॅरेथॉनमध्ये धावत देणग्या मागणारा तसा असेलच असे नाही, आणि सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

लंडन मॅरेथॉन 1981 साली सुरू झाली आणि लवकरच धावू इच्छिणारे जागांपेक्षा कितीतरी जास्त झाले. 1993 पासून धर्मादाय संस्थांना ठरावीक पैसे भरून जागा मिळू लागल्या. संस्था ती जागा धावपटूला देते आणि बदल्यात तो किमान अमुक इतका निधी जमवायचे कबूल करतो. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही पुढे हाच विचार ‘चॅरिटी बिब’ (बिब म्हणजे धावपटूच्या छातीवरची क्रमांकाची पट्टी) या नावाने रुळला.

वाद आहे तो या किमान रकमेचा. चॅरिटी बिब घेणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. एकाची नेहमीची प्रवेशनोंदणी हुकलेली असते, त्याला फक्त धावायचे असते. तो दोन-चार मित्रांकडे मागतो आणि उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरतो. संस्थेला पैसे मिळतात, पण नवे देणगीदार जवळपास मिळतच नाहीत. दुसरीच्या घरात कॅन्सर होऊन गेलेला असतो, किंवा तिचे मूल विशेष शाळेत असते. ती पन्नास जणांना फोन करते, पन्नास जणांना त्या कामाची माहिती होते, पण तिच्या ओळखीचे लोक दोनशे-पाचशे रुपये देणारे असतात. हिशेबात पहिला पूर्ण ठरतो आणि दुसरी कमी पडते. संस्थांची बाजूही खरी आहे: जागेचे पैसे आधीच गेलेले असतात आणि लहान संस्थेला तोटा झेपत नाही. तरीही सरसकट एकच आकडा लावला की माणसाची कळकळ बाजूला पडते, मोजला जातो तो त्याच्या ओळखीपाळखींचा आर्थिक वजनदारपणा. हे अन्यायाचे आहे.

या भांडणातूनच सहभागींना वेगवेगळे हाताळायची पद्धत आली. जागेसाठी आलेल्याला मुदत आणि टप्पे ठरवून द्यायचे. कामासाठी आलेल्याला आवाहन लिहायला मदत करायची, आणि त्याने स्वतःच प्रवेश मिळवला असेल तर किमान रकमेची अट घालायचीच नाही. पहिल्यांदा मागणाऱ्याला आधी घरच्यांकडे पाठवायचे, म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या रकमा बघून पुढचेही हात सैल सोडतात. याला आधारही आहे: लंडनच्या 2010 सालच्या स्पर्धेतील धावपटूंच्या देणगी मागणाऱ्या ऑनलाइन पानांच्या अभ्यासात आधीच्या देणग्यांची सरासरी 10 पौंडांनी वाढली की पुढचा माणूस सरासरी अडीच पौंड जास्त देतो, असे आढळले. अर्थात सुरुवातीला मोठी रक्कम देणारा काका प्रत्येकाला नसतो.

मुंबई मॅरेथॉनमधल्या ‘ड्रीम रन’ या हौशी धावेतल्या कंपन्यांच्या गटांचे गणित निराळे. अंतर जेमतेम सहा किलोमीटर, वेळेची नोंद नाही. त्यामुळे ‘आज तीस किलोमीटर धावलो, आता द्या’ असे म्हणायची सोय नाही. तिथे चालते ती विभागाविभागांतली चुरस, एखादा उत्साही म्होरक्या, आणि कर्मचाऱ्यांनी जमवले तेवढेच कंपनीने घालणे. कंपन्यांवर सामाजिक खर्चाचे बंधन एप्रिल 2014 पासून आले. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारी परिपत्रकाने मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत, असे नाव घेऊन सांगितले. त्यामुळे कंपनीने स्पर्धेवर केलेला खर्च आणि कर्मचाऱ्याने माणसे जोडून आणलेली देणगी यांतला फरक ठळक झाला.

करनियमांतले अलीकडचे बदल नोकरदारांकडे मागणाऱ्यांना जास्त जाचक ठरले आहेत. 2017-18 पासून दोन हजारांवरच्या रोख देणगीला 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही. 2021-22 पासून संस्थांना देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो, म्हणून पाचशे रुपये देणाऱ्या सहकाऱ्याकडेही पॅन मागायची वेळ येते. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत 80जीची वजावट मिळत नाही. मुंबईची शर्यत जानेवारीत, म्हणजे करबचतीची कागदपत्रे जमवण्याच्या दिवसांत असते. ऑफिसात ‘द्या, करही वाचेल’ हे वाक्य तेव्हा हमखास कामी यायचे. आता कामाबद्दल बोलूनच मागावे लागते, आणि ते त्या पन्नास फोन करणारीला आधीपासून येते.