गाठ तेवढीच, मग औषध लागू पडतंय का?

मूत्रपिंडाच्या कर्करोगावर औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की पुन्हा सीटी स्कॅन होतो, आणि रिपोर्ट हातात पडताच सगळ्यांची नजर आधी मिलिमीटरवर जाते. गाठ किती कमी झाली? प्रश्न रास्त आहे, पण या कर्करोगात तेवढ्यावर भागत नाही.

मापाचे नियम ठरलेले आहेत. २००९ साली आलेल्या 'रिसिस्ट १.१' निकषांप्रमाणे जास्तीत जास्त पाच गाठी निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज करतात. ती ३० टक्के किंवा अधिक घटली तर औषधाला अंशतः प्रतिसाद. आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती निदान २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर आजार वाढला. मधलं सगळं 'स्थिर'. म्हणजे ८० मिलिमीटरची बेरीज ६८ वर आली तरी कागदावर आजार स्थिरच.

इथेच गोम आहे. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे क्लिअर सेलमध्ये, बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेलं असतं. त्यामुळे गाठ नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं भरपूर तयार करते. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर रक्तपुरवठा उजळून दाखवणारं द्रव्य, दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेतलेल्या प्रतिमांत अशी गाठ लख्ख उजळते. सुनिटिनिबसारखी औषधं ही रसदच तोडतात. आतल्या पेशी मरतात, पण बाहेरचा आकार बराच काळ तसाच राहू शकतो. स्कॅनवर मात्र मधोमध काळपट भाग दिसू लागतो. २००७ चे 'चोई' निकष मुळात पचनमार्गातल्या एका वेगळ्या गाठीसाठी बनले, पण त्यांनी हाच उजळपणा हिशेबात घेतला: तो १५ टक्क्यांनी किंवा व्यास १० टक्क्यांनी घटला, तरी प्रतिसाद मानायचा. अट एकच, दोन्ही स्कॅन कॉन्ट्रास्टनंतर सारख्याच वेळी घेतलेले हवेत. नाहीतर उजळपणाची तुलना फोल.

इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारात, उलटी गंमत होते. रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरल्याने ती आधी फुगलेली दिसू शकते. म्हणून अशा उपचारांसाठीच्या २०१७ च्या 'आयरिसिस्ट' निकषांमध्ये अशी वाढ लगेच पक्की धरत नाहीत. चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. अर्थात असा फसवा फुगवटा क्वचितच असतो. वाढलेली गाठ बहुधा खरोखरच वाढलेली असते.

पेट स्कॅन, म्हणजे पेशी किती साखर ओढतात ते दाखवणारी तपासणी, का नाही, असं अनेकजण विचारतात. त्यातली नेहमीची किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे निरोगी मूत्रपिंडही झळकतं आणि तिथली गाठ त्यात हरवते.

आणखी एक चकवा मात्र साध्या सीटीतच असतो. बेरीज ५० वरून ५४, मग ५८, मग ६२ झाली. प्रत्येक वेळी आधीच्या स्कॅनशी ताडलं तर वाढ जेमतेम सात-आठ टक्के, म्हणजे 'स्थिर'. पण ५० शी ताडलं तर २४ टक्के. म्हणून रेडिओलॉजिस्टकडे जाताना नुसता शेवटचा रिपोर्ट पुरत नाही, उपचार सुरू झाल्यापासूनचे सगळे स्कॅन लागतात.